पंख खालीच झुकलेले हवेत

१४ नोव्हेंबर १९९६

दिवाळीला गावी गेलेल्या दोन सिस्टर अजून परतल्या नाहीत, म्हणून आजही डबल ड्यूटी. घरी आले तेव्हा चपलांचे पट्टे सोडायचंही जिवावर आलं होतं. औषधकंपनीची ही डायरी वर्षभर कोरी पडून होती. आज उघडली. कोणाशी बोलायचं तर तोंड हलवावं लागतं, आणि आता तेही नको झालंय.

धम्माला आज आई व्यायामाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती. धम्मरत्न माझा धाकटा भाऊ. ऑगस्टमध्ये इथे सुरतेत कापडाच्या कारखान्यात लूमच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात सापडला. बोटं वाचली, पण आतले दोर तुटले होते, ते शिवले. अजून अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकत नाहीत. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत जे परत येईल ते आपलं, त्यानंतर फारशी आशा धरू नका. मी नर्स आहे, मला हे सांगायला डॉक्टर कशाला हवा होता? पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की वेगळं लागतं.

व्यायाम घेणाऱ्या गुजराती बाईंनी, सगळे त्यांना बेन म्हणतात, त्याला मणी ओवायला दिले होते. त्याने ते भिरकावले. "मी काय बालवाडीत आहे?" म्हणाला. आज त्या बेननी आपल्या घरून एक खोकं आणून दिलं. त्यांच्या मुलाने हौसेने घेतलं आणि अर्धवट टाकलं म्हणे. आत लढाऊ विमान आहे, जेट. लाकूड इतकं हलकं की हातात काही आहे असं वाटतच नाही. मधलं धड तेवढं जोडलेलं आहे. दोन मोठे पंख, शेपटीचे दोन छोटे आणि एक उभा, असे सगळे सुटे कागदात गुंडाळलेले. सोबत नकाशा.

धम्माने खोकं उघडलं आणि जेवण होईपर्यंत पुन्हा झाकलं नाही. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच त्याला जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

२० नोव्हेंबर

धम्मा विमान घेऊन बसतो, पण सगळं डाव्या हाताने. उजवा मांडीवर ठेवलेला असतो, पाहुण्यासारखा. मी ड्यूटीवर जायच्या आधी त्याला पॉलिश पेपरचे तुकडे कापून ठेवते, फेविकॉल वाटीत काढून ठेवते, म्हणजे झाकण उघडायचा त्रास नको. शर्टाची बटणं लावून देते, भात कालवून ठेवते. आई म्हणते, "त्याना हात शे. त्याले करू दे." आई अजून घरात अहिराणीच बोलते. बोलायला काय जातं? सकाळची घाई माझ्या डोक्यावर असते. तो एक बटण लावेपर्यंत माझी बस निघून जाईल.

शेजारची राखी इस्त्री मागायला आली होती. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करते. त्यांची इस्त्री सारखी बिघडते.

३० नोव्हेंबर

मंगलामावशी भुसावळहून आली. माझ्यासाठी स्थळ घेऊन. माणूस शाळामास्तर, बायको वारलेली, एक लहान मुलगी. "तुला आता बत्तीसावं लागेल सरस्वती, असं स्थळ पुन्हा येईल का?" मावशी म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, धम्माचं कोण करील?"

"तुझी आई आहे ना."

"आईचे गुडघे बघितलेस?"

मावशीने आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत राहिली. धम्मा आतल्या खोलीत होता. पॉलिश पेपरचा आवाज येत होता, तो तेवढ्यापुरता थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

मी नाही म्हटलं. मावशी रागावून उद्याच्या पॅसेंजरने जाणार आहे. मला काही वाटलं नाही. इतका थकवा आला की मनात काही उगवतच नाही. लग्न म्हणजे आणखी एक घर, आणखी एक स्वयंपाक, आणखी एक पोर. मी आहे तिथेच बरी.

६ डिसेंबर

सकाळी विहारात जाऊन वंदना करून आलो, तिघेही. धम्मा हात खिशात घालून उभा होता. मेणबत्ती डाव्या हाताने लावली. परत येताना राखी भेटली. म्हणाली, "ताई, तुमची इस्त्री नेऊ का?" काल तर नेली होती.

१५ डिसेंबर

आज धम्माने शेपटीचे पंख लावले. आधी दोन छोटे, आडवे, आणि मग मधला उभा. फेविकॉल लावून दोन्ही बाजूंनी टाचण्या टोचायच्या, त्यांना दोरा गुंडाळायचा आणि सुकेपर्यंत हलवायचं नाही. डाव्या हाताने टाचणी धरून तोंडाने दोरा ओढत होता. उभा पंख जरासा कलला. अगदी थोडा, पण माझ्या डोळ्यांना असं काही पाहवत नाही. वॉर्डात सलाइनचा स्टँड वाकडा असला तरी मी जाता जाता सरळ करते.

तो मोरीकडे गेला तेव्हा मी बोटाने हळूच सरळ करून ठेवला. आल्यावर त्याने बराच वेळ विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लक्षात आलं नसावं.

१६ डिसेंबर

सकाळी पाहिलं तर तो पंख पुन्हा कललेला. फेविकॉल ओला होता, सरकला वाटतं.

२२ डिसेंबर

आजचा दिवस लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

सुट्टी होती. आई धम्माला घेऊन विहारातल्या कार्यक्रमाला गेली. कपडे धुऊन झाले, फरशी पुसून झाली. झोपायचं ठरवलं होतं. पण तिथे टेबलावर ते विमान शेपटी लावलेलं आणि पंखांवाचून पडलेलं. म्हटलं, मोठे पंख लावणं एका हाताचं काम नाही. एकाने धरायचं आणि दुसऱ्याने चिकटवायचं. धम्मा किती दिवस त्याच्याभोवती घुटमळतोय. आल्यावर तयार पाहिलं तर खूश होईल.

मी अरल्डाइटच्या दोन्ही नळ्या पिळून मिसळलं. धडाच्या बाजूला पंखासाठी खाच आहे, तिच्यात भरलं आणि पंख बसवले. नकाशात समोरून काढलेलं चित्र होतं, त्यात दोन्ही पंख टोकाकडे खाली झुकलेले दाखवले होते. खांदे पाडून बसलेल्या माणसासारखे. ते काही मला बरं दिसेना. आकाशात उडणारं विमान असं मरगळलेलं कसं असेल? छापणाऱ्याची चूक असेल म्हणून मी टोकांखाली काडेपेट्या रचल्या आणि पंख जरासे वर उचलून ठेवले. एकदम छान दिसायला लागलं. सुकेपर्यंत मी तिथेच बसून राहिले, पापणी न लवता. झोप राहिलीच.

संध्याकाळी ते आले. धम्मा दारातच थांबला.

"कोणी लावले?"

"मी. बघ तरी, केसभर फट नाही."

त्याने जवळ येऊन विमान डाव्या हाताने उचललं, डोळ्यांसमोर धरलं. "नकाशा पाहिलास?"

"पाहिला की. त्यात पंख पडलेले दाखवलेत, म्हणून मी जरा..."

"ताई, ह्या विमानाचे पंख खालीच झुकलेले हवेत. ते तसंच असतं."

"एवढ्याशाने काय होतंय? खरं थोडंच उडवायचंय?"

धम्मा माझ्यावर कधी ओरडत नाही. आजही ओरडला नाही. आवाज उलट खाली गेला. "माझा भात तू कालवतेस. माझी बटणं तू लावतेस. माझं तोंड धुवायचं तेवढं राहिलंय. हे एक तरी माझ्याकडे ठेवायचं होतंस."

मी म्हटलं, "मी सुट्टी घालवली रे तुझ्यासाठी."

"मी सांगितलं होतं?"

आई मध्ये पडेल असं वाटलं होतं. तिने चूल पेटवता पेटवता मलाच विचारलं, "तुले कोणी सांगं व्हतं?"

मी न जेवता आडवी झाले. दोन काडेपेट्यांच्या उंचीवरून घरात एवढं व्हावं? थोडं खाली-वर झालं, दुरुस्त करता येतं. माणसाने कशासाठी केलं ते कोणी बघत नाही.

२४ डिसेंबर

विमान खोक्यात, खोकं खाटेखाली. धम्मा भिंतीकडे तोंड करून पडलेला. आज बटण लावायला गेले तर त्याने बिनबटणांचा, डोक्यातून घालायचा शर्ट घातला होता.

२ जानेवारी १९९७

नवी डायरी मिळाली, हिच्या कव्हरवर मूत्रपिंडाचं चित्र आहे. चालेल.

अर्धी रजा टाकून आज धम्माबरोबर मीच व्यायामाला गेले. बेनना सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्हीच समजवा त्याला, विमान हातात धरत नाही, बोटं आखडतील. वाटलं होतं त्या त्याला रागावतील. त्या मलाच म्हणाल्या, "एने करवा दो ने, बेन." त्याला करू द्या. खुर्चीत बसून सांगणं सोपं असतं.

निघताना त्यांनी विचारलं, "तमे थाकी नथी जता?"

मी म्हटलं, नाही. थकायला वेळ कुठाय? परत येताना शटल रिक्षात डोळा लागला आणि आमचा नाका मागे राहिला. लिंबायतऐवजी पुढे उतरून धूळ खात चालत आले. धम्मा बरोबर होता. त्याने मला उठवलं नव्हतं. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "झोपली होतीस ना."

१४ जानेवारी

उतराण, म्हणजे इथली संक्रांत. अख्खं सुरत पतंग घेऊन गच्चीवर. आमच्या वॉर्डात सकाळपासून मांजाने कापलेली बोटं, गच्चीवरून पडलेले लोक. एकाच्या गळ्याला टाके घालताना मीच धरून होते. दुपारी सुटले.

घरी कोणी नव्हतं. वर गच्चीवर सगळी गल्ली जमलेली. राखी पतंग उडवत होती, आणि धम्माने फिरकी धरली होती. दोन्ही हातांनी. उजव्या तळहातात दांडीचं एक टोक, डाव्यात दुसरं. राखीने ढील मागितली की फिरकी त्याच्या हातात गरगरायची. त्याला दुखत असणार. मी पुढे होऊन म्हटलं, "दे, मी धरते." तर दोघेही एकदम "नको" म्हणाले.

राखी मनाने चांगली आहे. आजारी माणसाला करमावं म्हणून वेळ देते. तिच्या आईने तिला एवढी मोकळीक कशी दिली कोण जाणे, साड्यांचं काम पडलेलं असताना.

मी जिन्यात बसून थंड झालेलं उंधियू खाल्लं आणि तिथेच भिंतीला टेकले.

२१ जानेवारी

आज धम्माने पंख कापून काढले. अरल्डाइट सुटत नाही, म्हणून करवतीच्या पात्याने. एका बाजूचं लाकूड पंखाबरोबर उचकटून आलं, धडाला भोक पडलं. मी कामावरून आले तेव्हा जमिनीवर भुसा पडला होता. राखी तो वाटीत गोळा करत होती. भुशात फेविकॉल कालवून भोक बुजवायचं, असं ठरलं होतं त्यांचं.

मी म्हटलं, "मी झाडते."

धम्मा म्हणाला, "ताई, तू हात लावू नको. रागावून नाही सांगत. पण लावू नको."

मग मी ओट्यावर जाऊन बसले. रस्त्यावर रिक्षा, हातगाड्या, पलीकडच्या कारखान्यात लूमचा खडखडाट. हाताला काही काम नसलं की हात किती जड असतात. आई बाहेर येऊन शेजारी बसली. मला वाटलं, काहीतरी सांगेल. तिने पाय लांब करून गुडघे चोळायला घेतले.

२६ जानेवारी

पंख लावायचं आज पुन्हा चाललंय. धम्माच्या जुन्या कारखान्यातून एक फणीची तार आणवली आहे. लूमवर ज्या फणीतून ताण्याचे उभे धागे जातात तिची पोलादी पाती असते, तसली. सुई तापवून धडाला आरपार भोक पाडलं, त्यातून तार घातली, आणि तिचं एकेक टोक दोन्ही पंखांत. म्हणजे दोन्ही पंख एकाच तारेवर. नुसत्या गोंदावर भरवसा नाही. तार मधोमध जरा वाकवली, की टोकं आपोआप खाली येतात.

मग दोऱ्याने मोजणं. विमानाच्या नाकापासून डाव्या पंखाच्या टोकापर्यंत, तेवढाच दोरा उजव्या टोकाला पुरला पाहिजे. कमीजास्त झालं तर पंख तिरका. दोऱ्याचं एक टोक राखीने नाकावर धरलं आणि दुसरं धम्माने. दोघांची डोकी इतकी जवळ की मला वाटलं आपटतील. मी म्हटलं, "राखी, जरा लांब सरक, प्रकाश अडतोय." तर ती लाल झाली. लाजाळू पोरगी आहे.

मला ड्यूटीवर निघायचं होतं. पंख पुरते बसायच्या आधी निघाले.

२७ जानेवारी

आल्या आल्या आईने सांगितलं. काल पंख धरून ठेवायला टाचणी टोचायची होती. राखीचे दोन्ही हात पंखांवर. धम्माच्या डाव्या हातात धड. टाचणी टेबलावर. धम्माने विचार न करता उजव्या हाताने उचलली. अंगठा आणि पहिलं बोट. उचलली, टोचली, आणि मग तिघांच्याही लक्षात आलं. आई सांगताना रडत होती.

मीही रडले. आनंदाचं होतं ते, दुसरं काय असणार? पाच महिने रोज सकाळी मी त्या बोटांना तेल लावलं. चिमूट जमते का ते रोज बघत होते. आणि जमली तेव्हा मी दुसऱ्याच कोणाचं ब्लडप्रेशर मोजत होते.

धम्माला म्हटलं, "मला दाखव." त्याने दाखवलं. दोनदा जमलं, तिसऱ्यांदा टाचणी निसटली. "रोज थोडं थोडं," तो म्हणाला. हे वाक्य मी पेशंटना सांगते.

८ फेब्रुवारी

धम्मा फोनचं बूथ चालवणार आहे. एसटीडी-पीसीओ. अपंगांसाठीच्या कोट्यातून मिळालं आहे, डिंडोलीला. अर्ज दिवाळीआधीच केला होता. बेननी दाखला मिळवून दिला. मला कोणीच सांगितलं नव्हतं.

"डिंडोली? रोज एवढ्या लांब जाणार?"

"बूथच्या मागे खोली आहे. तिथेच राहायचं."

"एकटा?"

"एकटा नाही," म्हणाला आणि खाली बघून हसला.

म्हणजे आईला घेऊन जाणार. आईला विचारलं तर ती भाकरी थापत "बघू" म्हणाली. बघू म्हणजे काय? आई गेल्यावर ह्या खोलीत मी एकटी. डबल ड्यूटी करून यायचं आणि कुलूप उघडायचं. सगळं मी करायचं आणि शेवटी मीच मागे राहायचं. हे त्यांना बरं जमतं.

१० फेब्रुवारी

रात्रभर हेच डोक्यात होतं. सकाळी आईला म्हटलं, "तू खुशाल जा. माझी काळजी करू नको."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "मी कोठे जास?"

"डिंडोलीला. धम्माबरोबर."

आईने कपाळावर हात मारून घेतला. "सरू, तुले डोया शेतस का नही? ती पोर इस्तरीसाठे येस का?"

मला खरंच वेळ लागला. मी हातात वेणी धरून तशीच उभी. आधी वाटलं, आई इस्त्रीबद्दल काही सांगतेय. मग एकेक आठवायला लागलं.

गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. राखीच्या घरून होकारही आला आहे. बोलणी मीच करायला हवी म्हणून माझी वाट बघत होते म्हणे. मी रागावले. म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं? धम्मा दारात उभा होता. म्हणाला, "कधी सांगणार होतो, ताई? तू घरी आलीस की माझी बोटं तपासतेस, नाहीतर झोपतेस."

मी वेणी पुरी करून पिशवी उचलली. बस चुकली. आज पहिल्यांदाच ड्यूटीला उशिरा पोहोचले.

११ फेब्रुवारी

संध्याकाळी राखीकडे गेले. ती साडीवर वाकून टिकल्या लावत होती. मला बघून उठायला लागली, म्हटलं बस.

"ताई, रागावलात?"

"तुमची इस्त्री खरंच बिघडली होती का?"

"एकदाच," ती म्हणाली. "पहिल्यांदा."

मला हसू आलं. तिलाही. मग ती म्हणाली, "ते म्हणतात, ताईंनी माझ्यासाठी लग्न मोडलं. त्यांना फार लागलंय ते. त्या दिवशी आतून सगळं ऐकलं त्यांनी."

मी म्हटलं, मोडलं कुठे, ठरलंच नव्हतं. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मी त्याच्यासाठी नाही म्हटलं. तो ऐकत होता. आणि मग मी त्याच्या विमानाचे पंखही लावून टाकले.

३ मार्च

मंगलामावशी आली होती, धम्माच्या लग्नाची तारीख धरायला. लग्न वैशाखात, बुद्धपौर्णिमेनंतर. मी चहा गाळता गाळता सहज विचारावं तसं विचारलं, "ते भुसावळचे मास्तर?"

"त्यांचं झालं की, गेल्या महिन्यात," मावशी म्हणाली. "बऱ्हाणपूरची मुलगी."

मी चहा दिला. साखर घालायला विसरले होते, मावशी तसाच प्यायली, म्हणजे तिला कळलं. वाईट वाटलं, हे लिहून ठेवते, इथे कोण बघतंय. त्या माणसासाठी नाही वाटलं. त्याचा चेहरासुद्धा मी पाहिला नाही. नाही म्हणताना मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं, त्याचं वाटलं. विचारलं असतं तरी कदाचित नाहीच म्हटलं असतं. पण ते 'नाही' माझं असतं.

१९ मार्च

ताप आला आहे. वॉर्डातून घेऊन आले असेन. आई म्हणाली, "तू बस. मी वाढस." धम्माने पाण्याचा पेला आणून दिला, उजव्या हातात. पेला हलत होता, पाणी सांडेल असं वाटलं. हात पुढे करणार होते. नाही केला. थोडं सांडलं. पेला पोहोचला.

२ एप्रिल

ताप उतरला, पण अंगात जीव नाही. तरी ड्यूटी चालू आहे. मॅट्रन म्हणाल्या, तू घेत नाहीस म्हणून तुझ्या रजा साठून राहिल्यात. मी म्हटलं, लागतील कधीतरी. कशाला लागतील ते मलाही सांगता आलं नाही.

१३ एप्रिल

आज बूथ सुरू झालं. डिंडोलीत, गिरणीच्या शेजारी. पिवळी पाटी, काचेचं दार, आत माणूस उभा राहील एवढी जागा. उद्याच्या जयंतीसाठी सगळ्या रस्त्यावर निळ्या पताका. राखी आणि तिची आई आली होती, आमची आई होती, बेनही येऊन गेल्या.

विमान धम्माने बूथच्या छताला नायलॉनच्या दोरीने टांगलं आहे. पंख खाली झुकलेले. आता पाहिलं तर मरगळलेलं नाही वाटत, झेप घ्यायच्या आधी पक्षी असतो तसं वाटतं. उभा पंख अजून कललेलाच आहे. मी पाहिलं आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

पेढे वाटून झाल्यावर धम्मा म्हणाला, "ताई, पहिला फोन तू कर."

"मी? कोणाला?"

"कोणालाही. लांबचा कर, बाहेरगावचा."

मी आत जाऊन रिसीव्हर उचलला. बाहेर सगळे काचेला नाक लावून उभे. मला पाठ असलेला नंबर एकच. तोच फिरवला. पलीकडून मॅट्रननी उचलला.

"मी सरस्वती. उद्या मी येत नाही."

"का? घरी कोणी आजारी?"

"नाही. कोणी नाही."

"मग जयंतीचा कार्यक्रम?"

"नाही. मला झोपायचंय."

पलीकडे रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग मॅट्रन म्हणाल्या, "परवा?"

मी जरा विचार केला. "परवाही नाही," म्हटलं.

बाहेर आले तर धम्मा विचारतोय, "कोणाला केलास एवढा?" मी म्हटलं, लोकलच होता, बिल फार नाही उठणार. त्याने यंत्रातून आलेली चिठ्ठी उजव्या हाताने फाडली. वाकडी फाटली.

१४ एप्रिल

संध्याकाळी उठले. मिरवणूक दुपारी आमच्याच गल्लीतून गेली म्हणे, बँड, ढोल, सगळं. आईने दार लोटून घेतलं होतं. मला काही ऐकू आलं नाही.